कौटुंबिक प्रार्थना (मराठी ख्रिस्ती घरं)

कौटुंबिक प्रार्थना म्हणजे घरातल्या सगळ्यांनी रोज एकदा एकत्र बसून केलेली प्रार्थना, बहुतेक घरी संध्याकाळी दिवेलागणीला नाहीतर रात्री जेवणाच्या आधी. नगर, पुणे, सोलापूर, कोल्हापूर या भागातल्या प्रोटेस्टंट घरात एक-दोन गाणी, पवित्र शास्त्रातला एखादा उतारा आणि मग प्रत्येकाने आपापल्या शब्दात केलेली प्रार्थना असा क्रम असतो, वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक घरात जपमाळ असते. पद्धत वेगळी असली तरी काम एकच, लेकरांना विश्वासात वाढवायचं, आणि ते मुख्यतः इथेच होतं असं माझं ठाम मत आहे. संडे स्कूल आठवड्यातून तासभर भरतं, घर मात्र रोज भरतं.

याचं मूळ बायबलमध्येच आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की या आज्ञा मुलाबाळांच्या मनावर बिंबवा, घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना त्यांच्याविषयी बोलत राहा. म्हणजे वेगळा तास लावून शिकवणी घ्या असं तिथे नाहीच, रोजच्या उठण्याबसण्यात ते बोलणं यायला पाहिजे. नव्या करारात प्रेषित पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याला दुसरं पत्र लिहितो तेव्हा त्याच्या विश्वासाची आठवण काढताना आधी त्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस, आणि मग आईचं, युनीके. हे वाचून आपल्याकडच्या कितीतरी जणांना आपली आजी आठवेल, कारण मराठी ख्रिस्ती घरातसुद्धा पहिली प्रार्थना बहुतेक वेळा आजीनेच शिकवलेली असते.

चर्चच्या इतिहासातही घर हीच पहिली शाळा मानली गेली आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी लिहिली ती घरातल्या कर्त्या माणसाने आपल्या घरच्यांना शिकवावी म्हणूनच, आणि कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ च्या दस्तऐवजात कुटुंबाला घरगुती चर्च म्हटलं, आईवडील हे मुलांना विश्वास सांगणारे पहिले लोक असं त्यात स्पष्ट आहे. आपल्या भाषेत याची सोय फार आधीपासून होत गेली. फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं ते ओवीत, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यानेही ऐकून पाठ करावं असं. मिशनरी विल्यम कॅरीने बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्ये छापला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला (आता अहिल्यानगर) ठाणं केलं, तिथल्या शाळा-बोर्डिंगांतून शिकलेल्या पिढ्यांनी पुढे आपापल्या घरी गाणं-वाचन-प्रार्थनेची सवय नेली.

पण घरात प्रार्थना खरी आपलीशी वाटायला लागली ती गाण्यांमुळे, आणि तिथे रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उपकार मोठे आहेत. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले, आणि त्यानंतर त्यांनी अभंग, भजनं, गीतं अशी काही लिहिली की परदेशी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या भाषांतरांच्या जोडीला आपल्या रागांतली, आपल्या शब्दांतली गाणी चर्चला मिळाली. उपासना संगीत या गीतपुस्तकात आजही त्यांची गाणी भरपूर आहेत आणि पेटी नसली, तबला नसला तरी चालतं, नुसत्या टाळ्यांवर लहान मूल ती म्हणतं. टिळकांच्या घराचीच गोष्ट बघा ना, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत, नवरा-बायको काही वर्षं वेगळे राहिले, आणि लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाने. विश्वास घरातल्या माणसावर लादता येत नाही हे इतक्या जवळून दाखवणारं उदाहरण मराठीत दुसरं नाही, आणि मुलांच्या बाबतीत आईबापांनी ते लक्षात ठेवायला हवं.

प्रोटेस्टंट घरातली प्रार्थना साधारण अशी चालते. टीव्ही बंद, मोबाईल बाजूला, खाली चटई नाहीतर सतरंजी, आजी-आजोबा असतील तर ते खुर्चीवर. चेनच्या कव्हरमधलं बायबल निघतं, त्यात जुन्या पत्रिका, सुकलेलं झावळीचं पान, कुणाच्या तरी अंत्यविधीचं कार्ड असं बरंच काही असतं. गाणं होतं. मग वाचन, ज्याला नुकतं वाचता यायला लागलंय त्याला दोन-तीन ओव्या दिल्या जातात (बायबलच्या वचनांना आपल्याकडे ओवी म्हणायची जुनी सवय आहे) आणि नहेम्या, नबुखद्नेस्सर असली नावं आली की ते अडखळतं, मोठे थांबतात, कुणी हसत नाही, निदान हसू नये. त्यानंतर प्रत्येकाने एक वचन तोंडपाठ म्हणायचं. इथे लहान मुलं ठरलेली पळवाट शोधतात, योहान ११:३५, येशू रडला, संपलं. शहाणी आई रागवत नाही, ती विचारते, का रडला रे? आणि मग लाजराची गोष्ट निघते, मित्र मेल्यावर देवाच्या पुत्रालाही रडू आलं हे त्या पोराला त्या दिवशी कळतं, आणि हे मला पानभर वचनं पाठ करण्यापेक्षा मोलाचं वाटतं.

शेवटी प्रार्थना. मुलं जे मागतात ते मोठ्यांनी सुधारायला जाऊ नये. कुणी गणिताच्या पेपरसाठी मागतं, कुणी आजीच्या गुडघ्यासाठी, कुणी गल्लीतल्या लंगड्या कुत्र्यासाठी, मागू द्या. हे आमच्या स्वर्गातील पित्या ही प्रभूची प्रार्थना सगळे एकदम म्हणतात आणि मग मोठ्यांच्या पाया पडणं किंवा डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद घेणं, हे घराघरावर अवलंबून.

कॅथलिक घरात जपमाळेची पाच दशकं (एक दशक म्हणजे दहा मणी), म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातली पाच रहस्यं, घरातले वाटून घेतात आणि एखादं दशक मुलाच्या वाट्याला येतं, मणी मोजता मोजता झोपही येते, तरी बसायचं. ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना, तेव्हा वसईत शेजारपाजारची घरंही एकत्र येतात. गोव्यात संध्याकाळी चर्चची आमोरीची (सांजप्रार्थनेची) घंटा झाली की पोरं घरात पाहिजेत असा जुना नियम होता, तेर्स (जपमाळ) झाला की थोरांकडून बेसांव (आशीर्वाद) घ्यायचं, मगच जेवण. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडील आणि धर्ममाता-धर्मपिता मुलाला विश्वासात वाढवायचं वचन देतात, त्या वचनाची रोजची फेड हीच.

आता मूल्यं म्हणजे संस्कार, ते प्रार्थनेच्या पंधरा मिनिटांत येत नाहीत, ते उठल्यानंतर येतात. नुकतीच क्षमेची प्रार्थना म्हटली आणि पाचव्या मिनिटाला पप्पा फोनवर सख्ख्या भावाशी जमिनीवरून भांडायला लागले तर मुलगा काय शिकायचं ते शिकतो. बायबलमधल्या जक्कया या जकातदाराने जे लुबाडलं होतं ते चौपट परत करायची तयारी दाखवली ही गोष्ट सांगायची असेल तर दुकानदाराने चुकून जास्त दिलेले वीस रुपये मुलाच्याच हातून परत पाठवा. भांड्याला येणाऱ्या मावशींना जेवण उरलंसुरलं न देता आपल्याच पातेल्यातलं द्या. रविवारी दानाच्या थैलीत टाकायचे पैसे पोराच्या खाऊच्या पैशातून जाऊ द्या, चर्चच्या दारात हातात कोंबलेल्या नाण्याला काही अर्थ नाही. नाताळच्या आधीच्या आगमनकाळात काही घरी रिकामी गव्हाणी मांडतात आणि दर चांगल्या कामाला मुलं त्यात एक काडी गवत टाकतात, बाळ येशूला मऊ अंथरूण व्हावं म्हणून, आणि ही पद्धत फार सुंदर आहे. नाताळचा फराळ, करंज्या, शंकरपाळी, चकली, शेजाऱ्यांना द्यायला मुलांनाच पाठवायचं, दिवाळीला त्यांच्याकडून ताट आलेलं असतंच.

त्या शेजारातूनच एक प्रश्न येतो, आपल्याकडे गणपती का नाही? याला उत्तर देताना दुसऱ्याच्या श्रद्धेला वाईट बोललं की काम बिघडतं. आपण येशूच्या मागे चालतो म्हणून आपली प्रार्थना अशी आहे, त्यांची तशी आहे, आणि त्यांच्या घरी गेलं की नीट वागायचं, एवढं सहा-सात वर्षांच्या मुलाला पुरतं. मोठं झाल्यावर ते आणखी विचारेल तेव्हा आणखी बोलता येतं.

अडचणी आहेतच. क्लास साडेआठला सुटतो, पप्पा लोकलमध्ये अडकलेले असतात. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना पवित्र शास्त्राची जुनी मराठी जड जाते, म्हणून बरेच जण आता मोबाईल अॅपवर दोन्ही भाषा शेजारी ठेवून वाचतात, आणि मला यात काही वावगं वाटत नाही, उलट मराठी तेवढीच टिकते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉलवर सुरू झालेल्या प्रार्थना काही कुटुंबांनी चालूच ठेवल्या, आत्या दुबईला, काका अमेरिकेला, गाणं पुढेमागे होतं तरी म्हणतात.

सगळ्यात अवघड म्हणजे चौदा-पंधरा वर्षांचं मूल जे म्हणतं मला नाही बसायचं. पौलाने इफिसकरांना लिहिलेलं बापांनी इथे परत वाचावं, मुलांना चिरडीला आणू नका. जबरदस्तीने बसवलेलं पोर कॉलेजला गेलं की पहिली प्रार्थना सोडतं. त्याच्या शंका ऐकून घ्या, दुःखात सापडलेला ईयोब आणि येशूचा शिष्य थोमा यांनीही विचारलंच होतं, आणि जागा मात्र रोज त्याच्यासाठी रिकामी ठेवा. ज्या घरी अजून सुरुवातच झाली नाही त्यांनी पाच मिनिटांपासून करावी, एक गाणं, चार-पाच ओव्या, एक छोटी प्रार्थना, आणि गाणं कुठलं ते घरातल्या सगळ्यात लहान मुलाला ठरवू द्यावं.