केनेडी आडनावाची कुळकथा

केनेडी म्हटलं की आपल्यापुढे अमेरिकेतलं राजकीय घराणं उभं राहतं. आडनाव मात्र आयर्लंडचं आणि ते निघालं एका माणसाच्या नावावरून. दहाव्या शतकात शॅनन नदीच्या काठी दाल गॅश या कुळाचं राज्य होतं. तिथला राजा केन्नेटिग 951 मध्ये वारला. त्याचा मुलगा ब्रायन बोरू पुढे साऱ्या आयर्लंडचा अधिराजा झाला आणि 1014 मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. ब्रायनचे वंशज ओब्रायन झाले. त्याचा भाऊ डॉनकुआन याच्या शाखेने घरात चालत आलेलं केन्नेटिग हेच नाव धरून ठेवलं, आणि ते झाले ओ किनेदे. 'ओ' म्हणजे नातू, वंशज.

अर्थाबद्दल दोन मतं आहेत. 'केन' म्हणजे डोकं, यावर वाद नाही. पुढच्या भागाचा अर्थ काही जण चिलखत असा लावतात, म्हणजे शिरस्त्राण घातलेला वीर. ऐकायला छानच! पण जुन्या लिखाणात नाव 'केन्नेटिग' असं येतं, आणि 'एटिग' म्हणजे कुरूप. मला हाच अर्थ खरा वाटतो. शिरस्त्राणाचा अर्थ वंशजांच्या अभिमानातून आला असावा.

ओब्रायन आणि मॅकनमारा या शेजारच्या कुळांच्या रेट्यामुळे ही ओ किनेदे मंडळी शॅननकाठच्या किलालू परिसरातून नदी ओलांडून उत्तर टिपरेरीत गेली आणि तिथे ऑर्मंड या भागाचे सरदार म्हणून काही शतकं नांदली. सतराव्या शतकात इंग्रजांचा अंमल पक्का झाला, जमिनी गेल्या, आयरिश नावं इंग्रजी वळणाने लिहिली जाऊ लागली. त्यात असंख्य घराण्यांचा 'ओ' गळाला. 1893 मध्ये आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग ही संघटना स्थापन झाल्यावर अनेकांनी तो परत लावला, पण केनेडींपैकी फार थोड्यांनी.

आयर्लंडमधल्या 1840च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या काळात वेक्सफर्ड परगण्यातल्या डंगन्सटाउनहून पॅट्रिक केनेडी बॉस्टनला गेला, तेव्हाही त्याच्या नावात 'ओ' नव्हता. त्याचा पणतू जॉन एफ. केनेडी राष्ट्राध्यक्ष म्हणून जून 1963 मध्ये त्या गावी जाऊन आला.

आयरिश भाषेत मात्र जुनी रीत अजून चालते. पुरुष ओ किनेदे, मुलगी नी खिनेदे, तर लग्न करून त्या घरात आलेली बाई उई खिनेदे. 'ओ'च्या जागी 'नी' किंवा 'उई' आला की नावातला 'क' मऊ होतो, त्यामुळे एकाच घरातल्या माणसांची आडनावं कानाला वेगवेगळी लागतात.