बी.कॉम. आणि अर्थशास्त्र: दिसायला सारखे, विचारायला वेगळे

बारावीचा निकाल लागला की नौपाड्यापासून ऐरोलीपर्यंत घरोघरी एक वाक्य ऐकू येतं: "बी.कॉम.ला नाही मिळालं तर इकॉनॉमिक्स घे, शेवटी सगळं एकच." ते एकच नाही. पैसा आणि बाजार दोन्हीकडे आहेत, अकरावी-बारावी कॉमर्सला अर्थशास्त्राचा पेपरही असतो, म्हणून गल्लत होते. तिचा फटका मात्र अर्थशास्त्राला जास्त बसतो, कारण ते 'दुसरं काही मिळालं नाही म्हणून' घ्यायचा विषय होऊन बसतं.

जांभळी नाक्यावरचं एक किराणा दुकान घेऊ. गाळा मालकांचा स्वतःचा. माल, नोकराचा पगार, वीजबिल वजा जाता समजा महिन्याला ६०,००० रुपये उरतात. बी.कॉम.ची मुलगी हा हिशेब चोख लिहील, घसारा धरेल, जीएसटीचं विवरणपत्र भरेल आणि नफा किती ते सांगेल. बँकेला, आयकर खात्याला, भागीदाराला तोच आकडा लागतो आणि तो खरा असावा लागतो. हे काम मुळीच कमी दर्जाचं नाही.

अर्थशास्त्राची मुलगी तीच वही उघडून वेगळं विचारते. गाळा भाड्याने दिला असता तर? समजा ४०,००० आले असते. मालकांनी दुसरीकडे नोकरी धरली असती तर? समजा ३०,०००. म्हणजे ७०,००० सोडून ते ६०,००० कमावतात. सोडलेल्या या कमाईलाच संधी खर्च म्हणतात. हिशेबाच्या वहीत तो नसतो. पण जुनं दुकान नफ्यात असतानाही बंद का होतं आणि तिथे बँकेची शाखा का येते, हे त्याच्याशिवाय कळत नाही.

याच दुकानात मालक दुपारी जेवायला गेले की गल्ल्यावर त्यांची बायको बसते. तिला पगार नाही, म्हणून वहीत तिची नोंद नाही. देशाच्या श्रमबळ सर्वेक्षणात (२०१७ पासून होणाऱ्या पीएलएफएसमध्ये) मात्र ती घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारी, म्हणजे रोजगारात असलेली, धरली जाते. तीच बाई घरी जाऊन स्वयंपाक करते, तो रोजगारात मोजला जात नाही. 'महिलांचा रोजगार वाढला' अशी बातमी आली की त्यात पगारी किती आणि बिनपगारी किती, हे पहिल्यांदा पाहायला अर्थशास्त्राच्या पदवीने शिकवलं पाहिजे. या सर्वेक्षणाची मूळ आकडेवारी सरकार फुकट देतं. ती संगणकावर उघडून स्वतः तक्ता न काढता कोणी पदवीधर होत असेल, तर मला ते शिक्षण अपुरं वाटतं.

वाशीच्या एपीएमसीतल्या कांद्याचंही तसंच. आवक, आडत, हमाली, तोलाई, वाहतूक हा हिशेब वाणिज्यातला. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. बंदी नसती तर भाव काय असता? पडलेल्या भावात पावसाचा वाटा किती, साठवणीच्या चाळीत सडलेल्या कांद्याचा किती आणि सरकारी निर्णयाचा किती? वाशीतल्या गिऱ्हाइकाचे किती वाचले आणि लासलगावच्या शेतकऱ्याचे किती गेले? 'नसतं तर काय झालं असतं' हे आकड्यांतून शोधण्याची तंत्रं आज अर्थशास्त्राच्या केंद्रस्थानी आहेत. डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गिडो इम्बेन्स यांना २०२१ चं नोबेल अशाच कामासाठी मिळालं. आपल्याकडे मात्र पहिलं वर्ष अजून अर्थशास्त्र म्हणजे काय याची मार्शलची व्याख्या, रॉबिन्सची व्याख्या आणि त्यांतले फरक पाठ करण्यात जातं. मुलांचा इतका वेळ यात जावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

संख्याशास्त्र हवंच, पण इतिहासही हवा. सिडनहॅम हे मुंबईचं वाणिज्य महाविद्यालय. तिथे १९१८ ते १९२० या काळात बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्र शिकवत. रुपयावरच्या १९२३ च्या ग्रंथात त्यांनी चलनाचा जुना इतिहास खणून काढला आणि विनिमय दरापेक्षा देशातल्या किमती स्थिर असणं महत्त्वाचं, असं मांडलं. पोटापाण्याशी भिडणारा प्रश्न, जुने दस्तऐवज आणि आकडे यांची अशी सांगड नवी मुंबईत शिकणाऱ्या मुलांना घराजवळच घालता येईल: शहर वसवायला सिडकोने घेतलेल्या जमिनी, त्याविरुद्धचं शेतकऱ्यांचं १९८४ चं आंदोलन आणि घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना. जमिनीची किंमत शहरामुळे वाढली, मग ती वाढ कोणाची?

करिअरचं थोडक्यात. सी.ए. व्हायला बी.कॉम. लागतंच असं नाही. पदवीनंतर थेट प्रवेशासाठी वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर बहुतेकांना ६० टक्के लागतात. उलट, यूपीएससीच्या भारतीय आर्थिक सेवेसाठी अर्थशास्त्रात किंवा त्याच्या जवळच्या विषयात पदव्युत्तर पदवी हवी, नुसत्या बी.ए.वर भागत नाही. पुढे एम.ए. करायचं असेल तर गणित सोडू नका.

हिशेब, कर, ऑडिट यांत मुलाचं मन रमत असेल, तर बी.कॉम. आनंदाने घ्या. भाव का वाढले, काम का मिळत नाही, असे प्रश्न तो विचारत असेल, तर अर्थशास्त्र. फक्त प्रवेशाआधी त्या विभागात जाऊन तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलेला एखादा प्रकल्प मागून बघा, आणि त्यातले आकडे मुलांनी कुठून आणले ते विचारा.