विमानात छातीतला इम्प्लांट फुटतो का?

स्तनाच्या कर्करोगातून सावरणाऱ्या बायकांना आजही कुणीतरी सांगतंच: 'विमानात बसू नकोस, वर गेल्यावर इम्प्लांट फुटेल.' हे खोटं आहे, आणि आधीच इतकं सोसलेल्या बाईच्या मनात ही भीती घालणं मला क्रूर वाटतं.

स्तन काढल्यावर त्याचा आकार पुन्हा घडवताना, म्हणजे पुनर्रचनेत, कायमच्या इम्प्लांटआधी जागा करायला अनेकदा टिश्यू एक्स्पांडर बसवतात. ही सिलिकॉनची पिशवी पूर्ण भरलेली नसते. तिच्या झडपेजवळ बहुधा चुंबक असतो. डॉक्टर बाहेरून दुसऱ्या चुंबकाने झडप शोधतात, त्वचेतून बारीक सुई घालतात आणि सलाइन भरतात. त्वचा ताणली जाईपर्यंत काही आठवडे हे थोडं थोडं चालतं. फारच दुखलं तर त्याच वाटेने थोडं सलाइन काढूनही घेता येतं. त्यासाठी पुन्हा ऑपरेशन लागत नाही.

विमानाच्या केबिनमधला दाब फार तर २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरतो. एवढ्या फरकाने वायू फुगतो, एक्स्पांडर किंवा इम्प्लांटमधलं सलाइन किंवा सिलिकॉन जेल नाही.

वायूचा अपवाद मात्र खरा होता. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्यता दिलेल्या 'एरोफॉर्म' एक्स्पांडरमध्ये रुग्ण स्वतः रिमोटने कार्बन डायऑक्साइड सोडत असे. तो वायू उंचीवर फुगतो, म्हणून त्या रुग्णांना विमानप्रवासाबद्दल वेगळी ताकीद होती.

सलाइनच्या एक्स्पांडरला खरं जपायचं ते एमआरआयपासून, कारण ती तपासणी फार प्रबळ चुंबकाने होते. झडपेत चुंबक असेल, तर तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आणि एमआरआयच्या तंत्रज्ञांना ते आधीच सांगा.