घडवणाऱ्याचा वाटा : पार्श्वभूमी

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं, मंगळवार पेठेतलं पोरगं चेंडूला पाय लावतं ते तालमीच्या, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघाच्या नावानं. शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल हंगाम आणि पेठापेठांतली ईर्ष्या कोल्हापूरकरांना नव्यानं सांगायला नको. पण तालमीत घडलेल्या पोराला पुढं मोठा भाव आला, तर तालमीच्या हाती काय लागतं? त्याचं उत्तर युरोपातल्या एका निकालात आहे.

करार संपलेल्या खेळाडूला युरोपीय संघात बदली-रकमेविना, म्हणजे नव्या क्लबानं जुन्याला पैसे न मोजता, क्लब बदलता येईल, असं युरोपीय न्यायालयानं १९९५ मध्ये ठरवलं. खेळाडूंच्या दृष्टीनं ते न्याय्यच होतं. मात्र पोरं घडवून मोठ्या क्लबांना देण्यावर ज्यांचा गाडा चालायचा, त्या छोट्या क्लबांना फटका बसला. उतारा म्हणून २००१ मध्ये फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत दोन तरतुदी आल्या. आपल्याकडं दोन्हींना सरसकट ‘ट्रेनिंगचे पैसे’ म्हणतात आणि घोळ तिथंच होतो.

‘प्रशिक्षण भरपाई’ म्हणजे खेळाडू दुसऱ्या देशाच्या क्लबाकडं पहिल्यांदा व्यावसायिक म्हणून नोंदला गेल्यावर, किंवा व्यावसायिक झाल्यावर २३ व्या वर्षापर्यंत परदेशी बदली झाल्यावर मिळणारी रक्कम. ‘सॉलिडॅरिटी’ वेगळी. करार चालू असताना पैसे मोजून बदली झाली, तर त्या रकमेतले ५ टक्के खेळाडूला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. वयाची अट नाही. तिशीतल्या बदलीतूनही वाटा येतो. करार संपवून फुकटात गेला, तर मात्र काही नाही.

खरा वाद वाटणीचा आहे. १२ ते १५ या प्रत्येक वर्षाला त्या ५ टक्क्यांतले ५ टक्के, १६ ते २३ ला प्रत्येकी १० टक्के. म्हणजे १ कोटीच्या बदलीत ५ लाख बाजूला निघतात. १२ ते १५ अशी चार वर्षं पोरगं सांभाळणाऱ्याला १ लाख, तर १६ ते १९ या चार वर्षांना २ लाख. भरपाईतही १२ ते १५ ची वर्षं क्लबांच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या दरानं मोजतात. कोवळ्या पोरांवर भरमसाट रकमेचं ओझं नको, हा त्यामागचा युक्तिवाद. पण गरीब छोट्या देशांच्या आणि आपल्या तालमींच्या हाती पोरगं असतं ते नेमकं त्याच वर्षांत. पहिला स्पर्श, दोन्ही पाय, मान वर करून खेळणं, सगळं तेव्हाच बसतं. त्यालाच निम्मा दर, हे पटत नाही.

सुमारे साडेतीन लाख लोकवस्तीच्या आइसलंडनं बंदिस्त मैदानं बांधली, लहान मुलांनाही परवानाधारक प्रशिक्षक दिले आणि २०१८ चा विश्वचषक गाठला. दाखला चांगला, पण तो श्रीमंत देश आहे. ज्यांची तिजोरी रिकामी, त्यांना हा वाटाच भांडवल.

पूर्वी हे पैसे क्लबानं स्वतः माग काढून मागायचे. २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक प्लेअर पासपोर्ट, म्हणजे खेळाडू कधी कुठल्या क्लबाकडं होता याची नोंद पाहून ते फिफाच्या मध्यवर्ती व्यवस्थेतून वाटले जातात. पासपोर्ट बनतो नोंदणीवरून. पोरगं चार वर्षं तालमीत घाम गाळतं, पण नोंद फक्त स्पर्धेच्या हातानं लिहिलेल्या यादीत असेल, तर ती वर्षं कोरीच. बाराव्या वाढदिवसाच्या हंगामापासून दरवर्षी नोंदणी, जन्मदाखल्यावरचंच नाव अक्षरशः तसंच, क्लब सोडल्याची तारीख लिहिलेली, एवढं दप्तर हवं.