परवाना शुल्क, जाहिरात आणि दर्जा: ब्रिटिश दूरचित्रवाणीचे अर्थकारण

ब्रिटनमध्ये टीव्हीचा खर्च तीन वाटांनी भागतो. घरागणिक आकारल्या जाणाऱ्या परवाना शुल्कावर बीबीसी चालते. आयटीव्ही, चॅनल ४ आणि चॅनल ५ जाहिरातींवर चालतात. उपग्रहावरून चालणारी स्काय, नेटफ्लिक्स वगैरे मुख्यतः वर्गणीवर. पैसा कुठून येतो यावर कार्यक्रमांचा दर्जा किती अवलंबून असतो, हा वाद तिथे सत्तर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. ‘सरकारी ते दर्जेदार पण रटाळ, खाजगी ते चटकदार पण उथळ’ ही आपल्याकडची सोयीची विभागणी तिथे लागू पडत नाही. बीबीसी सरकारी खाते नाही, ती राजाच्या सनदेवर चालणारी महामंडळी संस्था आहे. चॅनल ४ जनतेच्या मालकीची आहे, पण जाहिरातींवर जगते. आयटीव्ही पूर्ण खाजगी आहे, तरी बातम्या आणि प्रादेशिक कार्यक्रम देण्याचे बंधन तिच्यावर आहे. मालकी कोणाची यापेक्षा दोन वाहिन्या एकाच थैलीवर डोळा ठेवून आहेत का, हे पाहिले तर ब्रिटिश टीव्हीचे चढउतार जास्त नीट उलगडतात.

परवाना शुल्क

१९२२ साली रेडिओ संच बनवणाऱ्या कंपन्यांनी, संच खपावेत म्हणून, एकत्र येऊन बीबीसी काढली. ऐकणाऱ्याने वर्षाला दहा शिलिंग (अर्धा पौंड) भरून परवाना घ्यायचा, अशी व्यवस्था होती. १ जानेवारी १९२७ रोजी कंपनीचे सनदी महामंडळ झाले. जॉन रीथ त्याचे पहिले महासंचालक. माहिती, शिक्षण आणि मनोरंजन हा त्यांनी घालून दिलेला क्रम आजही बीबीसीच्या सनदेत आहे. टीव्हीचे नियमित प्रक्षेपण २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाले. युद्धात ते बंद पडले आणि १९४६ मध्ये पुन्हा सुरू होताना टीव्ही-रेडिओचा एकत्र परवाना दोन पौंडांचा झाला. १९६८ मध्ये रंगीत संचासाठी दहा पौंड पडू लागले. एप्रिल २०२५ मध्ये रंगीत परवाना १७४.५० पौंड आणि कृष्णधवल ५८.५० पौंड झाला. कृष्णधवल परवाना घेणारी घरे अजूनही आहेत, हे वाचून कोणी हसू नये.

परवाना माणसाचा नसतो, पत्त्याचा असतो. कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहायचे असेल, मग ते बीबीसीचे नसले तरी, तो लागतो. १ सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर जुना कार्यक्रम पाहायलाही तो लागतो. नुसते नेटफ्लिक्स पाहणाऱ्याला किंवा आयटीव्हीचे झालेले भाग नंतर पाहणाऱ्याला लागत नाही. घरात संच असणे हा गुन्हा नाही, परवान्याशिवाय तो असा वापरणे हा गुन्हा आहे आणि त्याला १,००० पौंडांपर्यंत दंड होतो. आपल्याकडच्या जुन्या पिढीला ही पद्धत नवी वाटणार नाही. रेडिओचे लायसन्स पोस्टात नेऊन त्याचे नूतनीकरण करण्याची भारतातली रीत ब्रिटिशांकडूनच आली होती. ती १९८० च्या दशकाच्या मध्यास बंद झाली.

या पैशाचा मोठा गुण म्हणजे तो प्रेक्षकसंख्येशी बांधलेला नाही. बुधवारी रात्री दहा लाखांनी पाहिले की एक कोटींनी, त्या वर्षाची जमा तेवढीच राहते. दोषही त्याच सपाटपणातून येतो. राजवाड्याला जेवढे शुल्क तेवढेच एका खोलीत राहणाऱ्या एकट्या आईला. परवाना नसल्याबद्दल शिक्षा झालेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया असतात, कारण तपासनीस दारात येतो तेव्हा घरी त्याच असतात. दुसरा दोष राजकीय आहे. शुल्काचा आकडा सरकार ठरवते. २०१० ते २०१७ तो १४५.५० पौंडांवर गोठवला गेला आणि त्याच काळात, २०१४ पासून, परदेशी श्रोत्यांसाठीच्या वर्ल्ड सर्व्हिसचा खर्चही बीबीसीच्या गळ्यात आला. पुढे २०२२ ते २०२४ पुन्हा दोन वर्षे तो १५९ पौंडांवर थांबला आणि बाहेर महागाई मात्र भडकली होती. असे झाले की पडद्यावरचा दर्जा लगेच घसरत नाही. आधी नव्या कार्यक्रमांचे तास कमी होतात, पुनःप्रक्षेपणे वाढतात आणि मोठ्या नाटकासाठी परदेशी भागीदार शोधावा लागतो. कात्री कार्यक्रमाला लागण्याआधी वेळापत्रकाला लागते, म्हणून प्रेक्षकाला ती उशिरा दिसते.

जाहिरातीची वाट

१९५४ च्या कायद्याने बीबीसीची मक्तेदारी मोडली आणि २२ सप्टेंबर १९५५ रोजी लंडनमध्ये आयटीव्ही ही प्रादेशिक कंपन्यांनी मिळून चालवलेली वाहिनी सुरू झाली. पहिली जाहिरात होती गिब्ज एसआर टूथपेस्टची. त्याआधी १९५२ मध्ये रीथ यांनी लॉर्डांच्या सभागृहात जाहिरातीच्या प्रसारणाची तुलना देवी आणि प्लेग यांच्या साथींशी केली होती. कायदा करणाऱ्यांनी ही भीती अगदीच झटकून टाकली नाही. अमेरिकेत त्या काळी साबणाची कंपनी अख्खा कार्यक्रमच प्रायोजित करी आणि कथेत काय असावे यावरही बोले. ब्रिटनमध्ये जाहिरातदाराला फक्त वेळ विकत घेता येई, कार्यक्रम नाही. शिवाय प्रक्षेपण केंद्रे कंपन्यांची नव्हती, ती आयटीए या नियामक संस्थेची होती. कंपन्यांना प्रदेशवार, ठरावीक मुदतीचा ठेका मिळे आणि तो काढूनही घेतला जाई. १९८० च्या फेरीत सदर्न आणि वेस्टवर्ड या कंपन्यांनी आपले प्रदेश गमावले.

पहिले वर्ष-दीड वर्ष तोट्यात गेले. मग पैशाचा असा पूर आला की स्कॉटिश टेलिव्हिजनचे रॉय थॉमसन यांनी या ठेक्याला ‘नोटा छापण्याचा परवाना’ म्हटले. प्रसारणावर सरकारने नेमलेल्या पिल्किंग्टन समितीने १९६२ मध्ये आयटीव्हीच्या उथळपणावर सणसणीत टीका केली आणि तिसरी वाहिनी बीबीसीलाच द्यावी अशी शिफारस केली. त्यातून १९६४ मध्ये बीबीसी टू आली.

सरकारने कंपन्यांच्या मिळकतीवर खास आकार बसवला: १९६४ पासून जाहिरातीच्या जमेवर, १९७४ पासून नफ्यावर. या दुसऱ्या प्रकाराचे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. एका मर्यादेपुढच्या नफ्यावर आकार ६६.७ टक्के. उरलेल्या ३३.३ वर कंपनी कर ५२ टक्के, म्हणजे सुमारे १७.३. शंभर पौंड नफ्यातले कंपनीच्या हाती राहत जेमतेम १६. उलट बाजूने पाहिले तर शंभर पौंड कार्यक्रमावर उधळले की कंपनीच्या खिशातून जात फक्त १६ आणि बाकीचे एका अर्थी सरकारी तिजोरी भरी. आयटीव्हीतल्या ग्रॅनाडा कंपनीने भारतात येऊन चित्रित केलेली ‘द ज्वेल इन द क्राउन’ ही चौदा भागांची मालिका १९८४ मध्ये दाखवली ती याच राजवटीत. दिग्दर्शकांची आणि संकलकांची गुणवत्ता नाकारायचे कारण नाही, पण इतक्या सैल हाताने खर्च करायला मुभा देणारा हा हिशेब होता.

थैल्या वेगळ्या, प्रेक्षक एकच

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्ये रेडिओसाठी मांडलेला विचार इथे कामाला येतो. समजा शंभर प्रेक्षक आहेत. सत्तरांना प्रश्नमंजूषा हवी, विसांना नाटक, दहांना माहितीपट. जाहिरातींवर चालणाऱ्या तीन स्वतंत्र वाहिन्या आहेत. पहिली प्रश्नमंजूषा लावेल. दुसरीही तेच करील, कारण सत्तरांतले निम्मे म्हणजे ३५ हे नाटकाच्या २० पेक्षा जास्त. तिसरीलाही एक तृतीयांश वाटा, म्हणजे २३, परवडतो. तिन्हीकडे प्रश्नमंजूषा आणि तीस जणांसाठी काहीच नाही. आता तिन्ही वाहिन्या एकाच मालकाच्या आहेत असे धरा. स्वतःचेच प्रेक्षक पळवण्यात त्याला फायदा नाही, म्हणून तो तीन वेगळे कार्यक्रम लावून शंभरही जण मिळवील. मालक सरकारी की खाजगी, याने या हिशेबात फरक पडत नाही.

ब्रिटनने हे सूत्र जवळजवळ तंतोतंत वापरले. परवाना शुल्काच्या थैलीवर बीबीसीच्या दोन वाहिन्या. जाहिरातीच्या थैलीवर आयटीव्ही आणि २ नोव्हेंबर १९८२ पासून चॅनल ४. चॅनल ४ स्वतः कार्यक्रम बनवत नसे, बाहेरच्या निर्मात्यांकडून बनवून घेई. तिच्या जाहिराती आयटीव्ही कंपन्याच विकत आणि बदल्यात तिला ठरावीक रक्कम देत. त्यामुळे तिने आयटीव्हीच्याच प्रेक्षकांवर धाड घालण्याचे कारण उरले नाही आणि अल्पसंख्यांसाठी, वेगळ्या आवडींसाठी कार्यक्रम काढण्याचे कायद्याने दिलेले काम ती खरोखर करू शकली. बीबीसी आणि आयटीव्ही यांची झुंज प्रेक्षकांसाठी होती, पैशासाठी नव्हती. झोपी न जाण्याइतपत स्पर्धा आणि दिवाळे न निघण्याइतपत निश्चिंती, असा तो काळ. टीकाकार त्याला ‘आरामशीर जोडमक्तेदारी’ म्हणत आणि तेही खरेच होते: फुगलेले पगार, अडेल कामगार संघटना, आणि चॅनल ४ सोडली तर स्वतंत्र निर्मात्यांना आत शिरायला जागा नाही.

मार्गारेट थॅचर यांना बीबीसीवर जाहिराती हव्या होत्या. त्यांनी नेमलेल्या पीकॉक समितीने १९८६ मध्ये नेमका त्यालाच नकार दिला. जाहिरातीचा पैसा मर्यादित आहे; बीबीसी त्यात उतरली तर दोघेही त्याच पैशासाठी त्याच प्रेक्षकांमागे धावतील, असा तिचा युक्तिवाद होता. मात्र आयटीव्हीच्या ठेक्यांचा लिलाव करावा, असेही तिने सुचवले.

१९९१ चा लिलाव

१९९० च्या कायद्याने बंद लिफाफ्यांत बोली मागवल्या. आधी दर्जाची किमान अट पार करायची, मग सर्वाधिक बोलीला परवाना. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी निकाल लागले. लंडनच्या कामाच्या दिवसांचा परवाना थेम्स कंपनीकडून कार्ल्टन या नव्या कंपनीकडे गेला. कार्ल्टनची बोली होती वर्षाला ४.३१७ कोटी पौंड. समोर कोणी नाही हे ताडून सेंट्रल आणि स्कॉटिश टेलिव्हिजन यांनी फक्त २,००० पौंड लिहिले आणि त्यांना परवाना मिळाला. ग्रॅनाडा सुमारे ९० लाखांत टिकली, कारण तिच्या कैक पट बोली लावणारा प्रतिस्पर्धी दर्जाच्या अटीवर बाद झाला. यॉर्कशायरने भरमसाट बोली लावली आणि पुढे त्या ओझ्याखाली ती वाकली.

लिलावाने सरकारची जमा किती वाढवली यापेक्षा त्याने हिशेब उलटा केला, हे महत्त्वाचे. पूर्वी सरकारचा वाटा नफ्यातून जाई, म्हणून कार्यक्रमावरचा खर्च स्वस्त पडे. आता बोलीची रक्कम नफा होवो न होवो भरायची होती, म्हणजे वाचवलेला प्रत्येक पौंड कंपनीच्या कामी येऊ लागला. त्यातच १९९३ पासून चॅनल ४ आपल्या जाहिराती स्वतः विकू लागली, स्काय १९८९ पासून आकाशात होतीच, १९९७ मध्ये चॅनल ५ आली. एका थैलीवर आता बरेच हात होते. १९६३ पासून चाललेला ग्रॅनाडाचा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम ‘वर्ल्ड इन अॅक्शन’ १९९८ मध्ये बंद झाला. प्रादेशिक कंपन्या एकमेकींना गिळत गेल्या आणि २००४ मध्ये ग्रॅनाडा व कार्ल्टन एकत्र येऊन आयटीव्ही पीएलसी ही एकच कंपनी झाली.

याच काळात व्यापारी वाहिनीने कल्पकताही दाखवली, हे नोंदवायला हवे. १९९८ मध्ये आयटीव्हीवर आलेली दहा लाख पौंडांची प्रश्नमंजूषा दोन वर्षांत ‘कौन बनेगा करोडपती’ होऊन भारतात पोचली आणि पुढे तिची मराठी आवृत्तीही निघाली.

ब्रेकचा परिणाम

आयटीव्हीसारख्या सार्वजनिक बंधने असलेल्या वाहिन्यांना दिवसभराच्या सरासरीने तासाला ७ मिनिटे जाहिरात करता येते आणि कोणत्याही एका तासात १२ पेक्षा जास्त नाही. त्यात स्वतःच्या कार्यक्रमांच्या झलका मिळवल्या की ‘एका तासाचे’ नाटक आयटीव्हीवर सुमारे ४६-४७ मिनिटांचे उरते. बीबीसीवर ते ५८-५९ मिनिटे भरते. तासात तीन ब्रेक म्हणजे पटकथेत तीन टांगत्या जागा, आणि माहितीपट असेल तर प्रत्येक ब्रेकनंतर ‘आतापर्यंत आपण पाहिले’. हाच माहितीपट परदेशी जाहिरातविरहित वाहिनीने घेतला की ही उजळणी फार खटकते.

जाहिरातीचा दर ठरवण्याची रीतही चमत्कारिक आहे. वाहिनीची महिन्याची जाहिरात-जमा भागिले तिने पोचवलेले प्रेक्षक, असा सरासरी भाव निघतो. जाहिरात संस्था आपल्या खर्चातला अमुक हिस्सा एका वाहिनीला देण्याचे कबूल करते आणि त्या भावावर सूट मिळवते. त्यामुळे प्रेक्षक घटले आणि जमा तेवढीच राहिली, की भाव चढतो. मोठा जमाव एकाच वेळी मिळवून देणारी वाहिनी एकच असेल तर तिला हे परवडतेही. म्हणूनच कार्ल्टन-ग्रॅनाडा विलीनीकरणाला परवानगी देताना, आयटीव्हीचे प्रेक्षक घटतील त्या प्रमाणात जाहिरातदारांना आपला हिस्साही कमी करता यावा, अशी अट २००३ मध्ये घातली गेली.

मुलांच्या कार्यक्रमांचे काय झाले ते पाहिले की ही यंत्रणा उघडी पडते. २००३ च्या कायद्याने आयटीव्हीवरची मुलांच्या कार्यक्रमांची सक्ती ढिली केली. २००७ पासून त्या कार्यक्रमांभोवती चरबी, मीठ, साखर जास्त असलेल्या खाद्यपदार्थांच्या जाहिराती बंद झाल्या. दोन्ही निर्णय आपापल्या जागी समजण्यासारखे होते. मिळून त्यांनी जमाही काढली आणि बंधनही. आयटीव्हीने मुलांसाठीची नवी निर्मिती झपाट्याने आवरती घेतली आणि ब्रिटिश बालकार्यक्रम जवळजवळ एकट्या बीबीसीच्या अंगावर पडले.

पण उलट उदाहरणही आहे. संगणक प्रणालीतल्या चुकांमुळे चोर ठरवल्या गेलेल्या पोस्टमास्तरांवरची चार भागांची मालिका, ‘मिस्टर बेट्स व्हर्सेस द पोस्ट ऑफिस’, जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्हीने दाखवली, बीबीसीने नव्हे. देश इतका हलला की त्याच वर्षीच्या मे महिन्यात शेकडो शिक्षा कायद्यानेच रद्द झाल्या. विषय पुरता स्थानिक असल्यामुळे परदेशी विक्री जेमतेम झाली आणि मालिका सुमारे दहा लाख पौंडांच्या तोट्यात गेली, असे आयटीव्हीनेच सांगितले.

बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. बीबीसीला वर्गणीवर सोडावे, असे सुचवणारे बरेच आहेत. त्यात एक साधी यांत्रिक अडचण आहे. लाखो घरांत टीव्ही येतो तो छतावरच्या अँटेनातून, २००२ मध्ये सुरू झालेल्या फ्रीव्ह्यू या मोफत सेवेवर. वर्गणी न भरणाऱ्याचे चित्र बंद करायची सोय त्यातल्या बहुतेक संचांत नाही.