ताशी सहा किलोमीटरच्या खाली

छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या बरंच खाली गेलं, की धडधडून बंद पडतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या पंधराएक फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते आणि चाकाचा घेर असतो सुमारे १.८ मीटर. हिशेब केला तर वेग येतो ताशी जेमतेम ६ किलोमीटर. याहून हळू जायचं असेल, तर इंजिन आणि चाकं एकमेकांना पक्की जोडून ठेवताच येत नाहीत. मधलं काहीतरी घसरावंच लागतं.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक या वादात ऍव्हरेज, किंमत, चालवण्याची मजा सगळं येतं, पण हे घसरणं कोणी सोसायचं हा मुद्दा सहसा निघत नाही. संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडणाऱ्याचा अर्धा प्रवास मात्र याच वेगात होतो.

मॅन्युअलमध्ये ते क्लच प्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी-सोडवणारी तबकडी सोसते. हाफ क्लचवर, म्हणजे क्लचचं पेडल अर्धंच सोडून, ताशी ३ किलोमीटरने सरकताना इंजिन ८०० फेऱ्या करतं, गिअरबॉक्सकडे ४०० पोचतात. दोन्हीकडचा पीळ, म्हणजे टॉर्क, सारखाच, म्हणजे इंजिनाने दिलेल्या शक्तीतली निम्मी क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. चढावर ब्रेक न लावता क्लचवर गाडी तोलून धरली, तर शंभर टक्के. जळकट वास येतो तो याचाच.

आता ऑटोमॅटिक. हा शब्द आपण निदान चार वेगवेगळ्या यंत्रांना वापरतो आणि घोळ तिथून सुरू होतो. भारतात २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर जी आली ती एएमटी. आत गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लच प्लेटही तीच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्र बसवलेलं. म्हणून ती मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजारांनीच महाग पडते आणि ऍव्हरेजही जवळपास तेवढंच देते. पण गिअर बदलताना क्षणभर ताकद तुटते आणि मान पुढे झुकते. शिवाय चढावर ऍक्सिलरेटरच्या जोरावर गाडी उभी धरलीत, तर प्लेट इथेही तशीच जळते. डावा पाय मोकळा झाला म्हणून क्लच नाहीसा झाला, असं समजू नये.

टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हे घसरणं तेलावर सोपवलेलं असतं. इंजिनाने फिरवलेलं पात्यांचं चाक तेल भिरकावतं, समोरचं चाक त्या तेलाच्या माऱ्याने फिरतं. दोघांचा एकमेकांना स्पर्श नाही. जर्मनीच्या हरमान फ्योटिंगरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं ते जहाजांसाठी, टर्बाईनचा वेग प्रोपेलरला झेपेल इतका कमी करायला. गंमत अशी की परतणारं तेल मधल्या स्थिर पात्यांवरून वळवलं, की गाडी सुटताना इंजिनाचा पीळ जवळजवळ दुप्पट होतो. घासणारं काही नाही, म्हणून झिजणारंही काही नाही. उष्णता तेलात जाते आणि कूलरमध्ये निवते. तिचा भुर्दंड पेट्रोलमध्ये भरावा लागतो, जरी वेग आल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही चाकं जोडून टाकत असला तरी.

तिसरा प्रकार सीव्हीटी. तीत ठरावीक गिअर नसतातच. पट्टा आणि कमी-जास्त होणाऱ्या पुल्या. शहरात अतिशय मऊ चालते. जोरात दाबली की इंजिन ओरडतं, गाडी मागून येते. चौथा प्रकार ड्युअल क्लच, म्हणजे एकाऐवजी दोन क्लच असलेला. तो सर्वांत चपळ, पण क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले, असतील तर रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते तापतात. रोज तासभर कोंडीत अडकणाऱ्याने कोरडे क्लच घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घाटाचं गणित वेगळं. वरंधा किंवा खंबाटकी उतरताना मॅन्युअलवाला सहज दुसरा गिअर टाकतो आणि इंजिनच गाडी आवरून धरतं. ऑटोमॅटिकवाले पुष्कळदा गाडी डीमध्येच (ड्राइव्ह, नेहमीच्या चालीत) ठेवून ब्रेकवर उतरतात. ब्रेक तापले की पकड कमी होते. खरं तर बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये एम (गिअर स्वतः निवडायला) किंवा एल (खालचा गिअर धरून ठेवायला) असतं, ते वापरावं. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्यांसाठी: गिअरमध्ये, ऍक्सिलरेटरवरून पाय काढलेला असताना आजचं इंजिन बहुतेक वेळा इंधन पूर्ण बंद करतं. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहायला पेट्रोल पितच राहतं.

इलेक्ट्रिक मोटर शून्य फेऱ्यांनाही पूर्ण पीळ देते, त्यामुळे तिथे क्लच लागत नाही आणि बहुधा एकच गिअर पुरतो.

पेट्रोलचीच घ्यायची असेल, तर माझा कौल असा. मुक्काम गावात, रस्ता मोकळा आणि बजेट ताणलेलं असेल तर मॅन्युअल. शहरातली रोजची कोंडी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी. तेवढे पैसे नसतील तर एएमटी, पण तिच्या सवयी समजून घेऊन. शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला सरळ, रिकामा रस्ता दाखवतात. तिथे सगळ्याच गाड्या छान चालतात. त्याऐवजी तळघरातल्या पार्किंगच्या चढावर गाडी अर्ध्यात थांबवा आणि पुन्हा उचला. मग तोच चढ रिव्हर्समध्ये, अगदी सावकाश चढून पाहा.