बेंबी सरकली, मग मुतखडा, मग अपेंडिक्स

खानदेशात अपेंडिक्सचा पेशंट सर्जनपुढे येतो तेव्हा केसपेपरवर बऱ्याचदा ‘तीन दिवसांपासून पोटदुखी’ असं लिहिलेलं असतं. ते तीन दिवस जातात कुठे, हा खरा प्रश्न.

उशीर आपल्याच मुलखाचा नाही. उजव्या कुशीतल्या पुवाचं मूळ अपेंडिक्समध्ये असतं हे ठामपणे मांडलं गेलं १८८६ मध्ये; त्याआधी दोष मोठ्या आतड्याच्या तोंडाला लागायचा. १९०२ मध्ये इंग्लंडच्या राजाचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना पुढे ढकलावा लागला, कारण पोटात गळू झालं होतं. राजवैद्य दिमतीला असून ही गत.

आपल्याकडे घोळ सुरू होतो ‘बेंबी सरकली’ या शब्दापासून. सकाळी अनशापोटी उताणं झोपवायचं, बेंबीवर अंगठा दाबायचा, ठोका कुठे लागतो ते पाहायचं. मधोमध लागला तर ठीक, बाजूला लागला तर सरकली. मग तेल लावून चोळणं, पायाच्या अंगठ्याला दोरा. तो ठोका असतो पोटातल्या महाधमनीचा. हडकुळ्या माणसाला तो एरवीही लागतो, दुखण्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. पण शब्द अगदीच हवेतला म्हणता येत नाही. अपेंडिक्सच्या आणि बेंबीजवळच्या कातडीच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच टप्प्यावर पोहोचतात, म्हणून पहिली कळ बेंबीभोवती येते. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की, साधारण १२ ते २४ तासांत, दुखणं उजवीकडे खाली उतरतं. म्हणजे काहीतरी सरकतं खरं! बेंबी नाही, कळ सरकते. अहिराणीत ‘पोट दुखस’ म्हणत आलेल्या माणसाच्या तोंडून ‘बेंबी सरकली’ निघालं की नवा डॉक्टर हसतो, आणि ‘आधी कुठे दुखत होतं?’ हे विचारायचं राहून जातं. निदानाचा निम्मा धागा तिथेच तुटतो.

चोळण्याने नुकसान होतं, एरंडेल पाजल्याने त्याहून जास्त. अपेंडिक्स फुटल्यावर आतला ताण उतरून काही तास बरं वाटतं, आणि श्रेय चोळणाऱ्याला जातं.

तरी सगळं खापर बेंबीवर फोडणं मला पटत नाही. गेल्या तीसेक वर्षांत दिवस वाया जातात ते दुसऱ्या थांब्यावर, म्हणजे जवळच्या दवाखान्यात. उन्हाचा मुलूख, म्हणून उजवीकडची कळ म्हणजे मुतखडा. जुलाब असले तर हगवण. अपेंडिक्स ओटीपोटात लोंबत असेल तर जुलाब आणि लघवीची जळजळ दोन्ही होऊ शकतात, हे घाईत सुटतं. मग एक सलाईन, एक दुखण्याचं इंजेक्शन, अँटिबायोटिकच्या चार गोळ्या. वेदनाशामक आधी द्यावं की नाही यावर सर्जनांमध्ये मोठा वाद होता. जुनी शिकवण सांगायची, निदानाआधी देऊच नका. १९९० नंतरच्या चाचण्यांनी ती मोडीत काढली: दिलं तरी निदान चुकत नाही. चाचण्या खऱ्याच, पण त्यांतले पेशंट रुग्णालयात होते, त्यांचं पोट पुन्हा तपासलं जाणार होतं. आपला पेशंट इंजेक्शन घेऊन एसटीने घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला उभा राहतो.

सातपुड्याचा हिशोब वेगळा. धडगाव-अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवरून अजून बांबूच्या झोळीत माणूस खाली आणावा लागतो. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जळगावला २०१८ मध्ये आलं, नंदुरबारला त्याहून उशिरा. अंतर घटलं, चढउतार तोच राहिला.

आता सोनोग्राफी तालुक्याला मिळते आणि तिच्यासोबत नवा घोळही. अपेंडिक्स मोठ्या आतड्यामागे दडलेलं असेल किंवा पोटात वायू भरला असेल तर ते पडद्यावर सापडत नाही. रिपोर्टात येतं, ‘अपेंडिक्स दिसले नाही’. घरी वाचलं जातं, ‘अपेंडिक्स नाही’.